मी गप्प केलेली ओळ

गोरवा भागातल्या एका कारखान्याच्या भट्टीवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी सांभाळते. कंपनी म्हणजे मला धरून चौघं. भट्टीभोवती सतत गार पाणी फिरवावं लागतं. ते थांबलं तर भट्टी फुटू शकते. आणि माझा धाकटा भाऊ नोकरीला तिथेच, भट्टीपासून सहा हातांवर.

महिनाभर आमच्या एरर लॉगमध्ये, म्हणजे चुकांच्या नोंदीत, एकच ओळ धो धो येत होती : ‘पाण्याचं रीडिंग नाही.’ पाणी तर व्यवस्थित चालू. बाकीच्या खऱ्या चुका त्या गर्दीत सापडेनात. तीन दिवस खपून मी नियम लिहिला : ही ओळ आणि तिच्याबरोबर भट्टीवर वाजणारा भोंगा, दिवसातून एकदाच. लॉग एकदम शांत झाला. आमचे साहेब म्हणाले, “सरस!”

रविवारी जेवताना हा पराक्रम मी बायकोला तिसऱ्यांदा ऐकवत होतो. वरण वाढता वाढता तिनं विचारलं, “अहो, आणि खरंच पाणी थांबलं तर कुठली ओळ येते?”

“हीच,” म्हणालो, आणि घास तोंडातच राहिला.

त्या दिवशीची ओळ सकाळीच येऊन गेली होती; आता पाणी थांबलं तरी भोंगा वाजणार नव्हता. भाऊ कामावर, त्याचा फोन लॉकरमध्ये. साहेबांचा फोन लागेना. माझा लॅपटॉप ऑफिसात, कारण घरी काम आणायचं नाही हे माझं तत्त्व!

तरसालीतल्या घरून स्कूटर काढली. उष्टा हात हँडलला चिकटत होता. गोरव्याकडे धूर दिसला. तो तिथे रोजच असतो, तरी स्कूटर आणखी पिळली.

गेटवर वॉचमननं पास मागितला. माझ्या तोंडून फक्त “पाणी, पाणी” निघालं. त्यानं बाटली पुढे केली. मग माझ्या चेहऱ्यावरून ओळखून भावाला बोलावलं.

“दादा? काय झालं? आई...?”

“आई बरी आहे. भट्टीचं पाणी चालू आहे ना?”

“चालू आहे की.”

मी सगळं सांगितलं. तो हसला नाही. आत जाऊन आला. “सेन्सरची वायर ढिली होती. दोन मिनिटांत घट्ट केली. महिनाभर मला एक फोन करता आला नाही तुला?”

आता साहेबांचा फोन लागला. “तो नियम आधी काढा,” मी म्हटलं, “कारण नंतर सांगतो.”

भाऊ परत भट्टीकडे निघाला. मी त्याचं मनगट धरलं. साहेब “काढला” म्हणेपर्यंत सोडलं नाही. पाच माणसं बघत होती म्हणे.