अकरा मिनिटांचा आवाज

आमच्या दवाखान्यात खालच्या मजल्यावर मी केसपेपर काढते. वरच्या मजल्यावर ऐकण्याची तपासणी होते आणि गेली एकोणीस वर्षं ती एकच बाई करते. तिला सगळे कानताई म्हणतात. पेशंटला त्या एका बंद खोलीत बसवतात. खोलीला आतून जाड फोमचे चौकोन लावलेले आहेत, दार फ्रीजच्या दारासारखं गच्च बसतं. पेशंटच्या कानांवर हेडफोन, हातात बटण. टुंई असा बारीक आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे बसून कानताई आवाज कमी करत जातात आणि माणसाला कुठपर्यंत ऐकू येतं त्याची रेघ कागदावर काढतात.

त्यांचा स्वतःचा कान असा की माझ्या खुर्चीचं कोणतं चाक कुरकुरतंय हे त्या जिन्यावरून सांगायच्या. कानताई हे नाव त्यांच्या धाकट्या भावानं पाडलेलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आमची लिफ्टही त्याच्याकडेच होती. ताडमाड उंच माणूस, लिफ्टच्या दारातसुद्धा मान वाकवून शिरायचा. मला म्हणायचा, "आमच्या ताईसमोर पोटात कावळे ओरडले ना, तर किती ओरडले ते ती मोजून सांगेल."

ताईंनी लग्न केलं नाही. भाऊ, भावजय आणि त्यांची मुलगी खालच्या मजल्यावर, ताई वरच्या मजल्यावर, असं एकच घर होतं. भावजय शाळेत चित्रकला शिकवायची. सगळं सुरळीत चाललेलं असताना चाळिशी ओलांडलेल्या या भावानं एक दिवस स्पोर्ट्स कार आणून दारात उभी केली. तिसऱ्या हातची, गडद हिरवी, बुटकी आणि दोनच सीटांची. ताईंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "गाडी घेतलीस की बूट?" भावजय म्हणाली, तीन माणसांचं कुटुंब आणि सीटा दोन, तिसऱ्यानं काय टपावर बसायचं? तो नुसता हसला. मग रविवारी पाळी लावून एकेकीला फिरवायला लागला. गाडी सारखी काही ना काही कुरबुर करायची. तिच्याखाली तो तासन्तास आडवा असायचा आणि बाहेर दोन लांबलचक पाय तेवढे दिसायचे.

एका मंगळवारी ताईंची सुट्टी होती. भरदुपारी त्याचा फोन आला. एका उंच इमारतीत काम चाललं होतं, कंपनीची गाडी घेऊन कामावरचा जोडीदार दुसरीकडे गेला होता. म्हणाला, छातीत जडजड वाटतंय, बहुतेक पित्त असेल. उगाच गाजावाजा नको, शाळेत कळवू नकोस, ती घाबरेल. किल्ली खुंटीवर आहे. माझी गाडी घेऊन ये, परत मीच चालवीन.

ताईंना गाडी चालवता येत होती, पण ही गाडी त्यांनी दोनदाच चालवलेली. सीट इतकी मागे होती की पाय पोचेनात. ती पुढे ओढून त्या निघाल्या.

तिथपर्यंतचा वीस मिनिटांचा रस्ता गाडीनं पार केलाच नाही. लांब चढावर गाडीतून धाडकन आवाज झाला, चाकं धरल्यासारखी झाली आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. त्यांनी भावाला फोन केला, त्यानं उचलला नाही. हात करून करून एका टेम्पोवाल्याला थांबवून त्या तिथं पोचल्या तेव्हा चाळीस मिनिटं उशीर झाला होता. तो पायऱ्यांवर बसून वाट बघत होता, तिथून वॉचमननं त्याला उचलून हॉस्पिटलात पाठवलं होतं. वाटेतच सगळं संपलं.

लवकर आणलं असतं तर वाचला असता का, असं ताईंनी विचारलं तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." त्यांनी ते दिलासा म्हणून सांगितलं असणार. ताईंच्या गळ्यात मात्र ते तीन शब्द फास होऊन बसले.

गाडी चढावरून ओढून गॅरेजमध्ये नेली आणि ती तिथंच राहिली. गॅरेजच्या मेकॅनिकला भाऊ अबोलशेठ म्हणायचा, कारण तो दिवसाला दहा शब्द बोलला तर खूप. त्यानं गाडीवर ताडपत्री टाकली आणि वर्ष उलटेपर्यंत एका अक्षरानं विचारलं नाही. इकडे घरात गाडीचा विषय निघाला की प्रत्येकीला दुसरं काहीतरी काम आठवायचं. भावजयीला ती डोळ्यांसमोर नको होती. मुलगी, तेव्हा बारा-तेरा वर्षांची, म्हणायची की दुरुस्त करा, बाबांची गाडी आहे. शेवटी भावजयीनं ताईंवर सोपवलं. गाडी आता माझ्या नावावर असली तरी शेवटची तुम्ही चालवली होतीत ताई, काय करायचं ते तुम्हीच ठरवा, असं म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. ताईंना मात्र ते वाक्य काट्यासारखं लागलं.

त्याच सुमारास एक दिवस त्या जिना उतरून माझ्यापाशी आल्या आणि लिफ्टची मोटर ठकठक करतेय म्हणाल्या. लिफ्ट तर बंद होती. पुढं असं वरचेवर व्हायला लागलं. कधी नळातून, कधी भिंतीतून, कधी कुणीतरी लाकडावर बोटाचं हाड आपटल्यासारखी ठकठक. एकदा बंद खोलीत एक आजोबा बसलेले असताना त्यांनी तपासणी अर्ध्यात थांबवली आणि आत कोण ठोकतंय म्हणून विचारलं. आजोबा बिचारे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.

आमच्या डॉक्टरबाईंनी मग त्यांनाच त्या खोलीत बसवलं आणि तपासणी केली. रेघ विशीतल्या मुलीसारखी सरळ आली. कानात दोष नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. ताई बाहेर आल्या त्या घामानं भिजलेल्या. मला हळूच म्हणाल्या, "आत तर फार स्पष्ट येतो गं. दुसरा कसलाच आवाज नसतो ना तिथं."

चौदा महिन्यांनी अबोलशेठचा फोन आला. जागा लागते आहे. दुरुस्त करायची की विकायची, काय ते सांगा. ताई म्हणाल्या, आधी इंजिन उघडून बघा. त्या गॅरेजमध्ये गेल्या तेव्हा इंजिन बाहेर काढून बाकावर ठेवलं होतं. एका बाजूला मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं. आतला दांडा तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला होता. अबोलशेठनं धातूची एक वाकडी, चघळल्यासारखी चकती त्यांच्या तळहातावर ठेवली. तेल संपल्यावर सगळ्यात आधी हीच झिजते, असं सांगितलं. या इंजिनात आता दम नाही. दुसरं बसवा नाहीतर आहे तशी विका. मग हात पुसता पुसता तो म्हणाला, "हे एकदम होत नाही, ताई. आधी गाडी ओरडते."

ताईंनी चकती परत बाकावर ठेवली आणि गाडीत जाऊन बसल्या. सीट अजून त्यांच्या मापानं पुढे ओढलेली होती. खालची दांडी धरून त्यांनी ती मागे सरकवली. एक खाच, दोन, तीन. भाऊ कितव्या खाचेत बसायचा ते काही त्यांना आठवेना. पुढे घेतली, मागे घेतली, परत पुढे घेतली. हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा हात त्या दांडीवर असल्यासारखाच हलत होता. मोजून ठेवायला हवं होतं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

आठवड्याभरात गिऱ्हाईक आलं. निवृत्त सर्व्हेअर होते, अशा जुन्या गाड्या हौसेनं बांधणारे, मृदू बोलणारे. घरच्या दोघीच होत्या म्हणून ताईंनी मलाही बरोबर नेलं. गॅरेजच्या दारात भावजय हाताची घडी घालून उभी होती, मुलगी शाळेत होती. सर्व्हेअरनी गाडी खालून-वरून बघितली, दारं उघडून-लावून बघितली. दुसरं इंजिन ते स्वतःच बसवणार होते. किमतीवर कुणी घासाघीस केली नाही. सगळं ठरल्यातच जमा होतं. मग त्यांनी वही काढली आणि सहज विचारलं की बंद पडली तेव्हा कोण चालवत होतं.

ताई म्हणाल्या, मी.

"बंद पडण्याआधी काही आवाज आला होता का? दिवा वगैरे लागला होता?"

त्यांना फक्त नोंद करायची होती. अबोलशेठनं मान खाली घातली आणि बाकावरचे पाने उगाचच लावत बसला. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग भावजयीकडे. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. चौदा महिने त्या तेच म्हणत आल्या होत्या, की गाडी एकाएकी बंद पडली.

"आला होता," त्या म्हणाल्या. "अकरा मिनिटं येत होता. आधी बारीक, मग वाढत गेला. तेलाचा लाल दिवाही लागला होता. मला कळत होतं की हा आवाज बरा नाही. वाटेत पेट्रोल पंप होता. मी थांबले नाही. म्हटलं, पोचू एवढं."

सर्व्हेअरनी लिहायचं थांबवून वही मिटली. भावजयीनं हाताची घडी सोडली, खांद्यावरची पर्स नीट केली आणि रस्त्याला लागली. ताई तिच्या मागं दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. मी त्यांना रिक्षानं घरी सोडलं.

पुढचे सव्वीस दिवस त्या घरात खालचा आणि वरचा मजला वेगळा झाला. भावजय समोरून आली तर भिंतीकडे बघून जायची. मुलगी वर यायची बंद झाली. ताई कामावर वेळेवर यायच्या, रेघा काढायच्या, डबा न उघडता परत न्यायच्या. सर्व्हेअरनी दोनदा फोन केला. ताईंनी त्यांना सांगितलं की गाडी माझी नाही, जिची आहे तिला विचारा.

सत्ताविसाव्या दिवशी संध्याकाळी भावजय वर आली. ताई भाजी निवडत होत्या. ती टेबलापाशी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "कसा होता तो आवाज?"

ताईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"करून दाखवा," भावजय म्हणाली. "पहिल्यापासून."

ताईंनी भाजी बाजूला केली, बोट वाकवलं आणि हाडानं टेबलावर ठोकलं. हळू, लांब लांब. मग जरा लवकर, जरा जोरात. मला सांगताना म्हणाल्या, गेले इतके महिने तो माझ्या एकटीच्या कानात होता, टेबलावर आला तेव्हा मलाच भीती वाटली. भावजय घड्याळाकडे बघत बसली होती. मध्येच म्हणाली, आता कुठं होतात? ताई म्हणाल्या, पंपाशी. आणि आता? चढाला लागले. बोटाचं सालटं निघालं तरी तिनं थांबा म्हटलं नाही. अकरा मिनिटं पुरी झाली तेव्हा ताईंचा हात आपोआप थांबला. खालून मुलीनं आईला हाक मारली, तिला कुणी ओ दिली नाही.

भावजय म्हणाली, "मी असते तर पंपावर थांबले असते."

ताई म्हणाल्या, "हो."

"हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून बदलून सांगणार नाही."

"नको सांगूस."

मग तिनं टेबलावरची भाजी जवळ ओढली आणि दोघींनी ती निवडून संपवली. उठताना म्हणाली की गाडी त्या सर्व्हेअरना देऊन टाकू. दुरुस्त करून दारात उभी केली तर तुम्ही रोज तिच्याकडे बघाल आणि मी रोज तुमच्याकडे बघेन. पोरीची समजूत मी घालते.

गाडी न्यायला ट्रक आला त्या दिवशी मुलगी स्टिअरिंगला बसली, कारण ढकलताना कुणीतरी वळवायला हवं होतं. अबोलशेठ आणि सर्व्हेअर मागून ढकलत होते, दोन्ही बाजूंना ताई आणि भावजय. इंजिन नसलेली गाडी हलकी होती, चटकन फळीवर चढली. मुलगी उतरली, दार लावलं, ते नीट लागलं नाही म्हणून पुन्हा लावलं. कुणी रडलं नाही. ट्रक गेल्यावर ताडपत्रीखालच्या जागेवर स्वच्छ, कोरडा चौकोन राहिला आणि अबोलशेठनं लगेच तिथं दुसरी गाडी घेतली.

पाच-सहा महिन्यांनी सर्व्हेअरचा फोन आला. गाडी रस्त्यावर आली होती, हवं तर बघायला या. भावजय गेली नाही. ताईही गेल्या नाहीत. मुलगी एकटी गेली, त्यांच्या शेजारी बसून एक मोठी फेरी मारून आली. वर येऊन तिनं आत्याला सांगितलं की छान चालते, काका हळू चालवतात. तिचे केस वाऱ्यानं विस्कटले होते, ते ताईंनी सारखे करून दिले.

ठकठक गेलेली नाही. मी विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की कमी झाली आहे, गेलेली नाही. हल्ली बंद खोलीत तपासणीआधी खुर्ची पुसायला त्या एकट्या जातात तेव्हा दार उघडं ठेवतात. परवा मी काही कागद द्यायला वर गेले, तर त्या आतच उभ्या होत्या. फडका हातात, मान किंचित कलती. मी हाक मारली नाही. कागद टेबलावर ठेवले आणि पाय न वाजवता खाली आले.