नदी कशी ओलांडली, ते मले पाठ आहे

वाचन गटातल्या बायांनो, मी बोलून राहिली आणि माझी नात रेवा टाइप करून राहिली. उन्हाळ्यात कोणी कोणती पुस्तकं वाचली, त्या यादीत माझं नाव घेणार नाही म्हणे, कारण मले अक्षर येत नाही. ‘काकू, ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे,’ असं गटाच्या ताईंनी काल लिहिलं.

मग आज काय झालं ते ऐका.

उडत्या डोंगराची पाच पुस्तकं मी पहिल्यांदा ऐकली पन्नास वर्षांआधी. गच्चीवर आम्ही बाया पापड लाटायचो आणि माझी पोरगी वाचायची. वाचणारीले लाटणं माफ होतं. यंदा उन्हाळ्यात पाचही पुन्हा ऐकायची, असं मी ठरवलं.

दुपारी कूलरसमोर रेवा तिसरं पुस्तक वाचत होती. राजकन्या नदीकाठी रडत बसली, आणि लगेच राजवाड्यात पोहोचली.

‘थांब वं. नदी कशी ओलांडली तिनं?’

‘पोहून गेली असंन, आजी.’

‘तिले पोहता कुठं येते? कासवीण म्हणाली, आधी माफी माग, मगच पाठीवर बस. दोन पानं खाल्ली तू!’

रेवानं मागची पानं उघडली. कासवीण तिथंच होती, माफीसुद्धा.

तर ताई, रेवाचं नाव यादीत आहेच. माझं तिच्या वर लिहा. आणि बाकीच्या बायांनो, तुमच्या यादीतल्या कोणत्याही पुस्तकाचं एक पान न पाहता सांगता का मले?