घुंगरमाळेची सायकल: धुळे ते जळगाव

शेठजींनी अट घातली आणि माझ्याआधी नानाच "हो" म्हणून बसले. या प्रवासाची सुरुवात ही अशी झाली.

जळगावला कापसाचं जिनिंग असलेल्या एका शेठजींनी धर्मार्थ दवाखाना काढलाय. आसपासच्या खेड्यांत जाऊन बाळंतपणं करायला त्यांना शिकलेली नर्स हवी होती आणि मला नोकरी. सगळं जुळलं, घोडं अडलं ते एकाच गोष्टीवर. मी म्हटलं, मी सायकलनं फिरेन. शेठजी म्हणाले, बैलगाडी देतो. कुठली गाडी? तर जिनिंगची, रिकामी असेल तेव्हा. आता बाळ काही गाडी रिकामी होईपर्यंत थांबत नाही, पण हे शेठजींना तोंडावर कसं सांगणार? त्यांचंही खोटं नव्हतं म्हणा. कपाशीच्या हंगामात गाड्यांची रीघ लागते आणि सायकल दिसली की बैल बुजतात. गाडी नाल्यात जाते, गाडीवान तिच्याखाली.

"धुळ्याहून इथवर सायकलनं या," शेवटी ते म्हणाले. "वाटेत एकही बैल बुजला नाही, तर सायकलीला माझी परवानगी. आणि मला कळल्याशिवाय राहणार नाही. सगळ्या गाड्या शेवटी माझ्याच फाटकातून आत येतात."

यंदा मुंबईत आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ आलं, पण खान्देशातल्या बैलांना सायकल अजून परकीच वाटते.

नाना म्हणजे माझे वडील. कचेरीतून पेन्शनीत निघाल्यापासून त्यांच्या हाताला स्वस्थता नाही. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाची जुनी सायकल त्यांनी घेतली, लोहाराकडून मधला दांडा कापून खाली वाकवून घेतला आणि लुगडं अडकू नये म्हणून साखळीवर रॉकेलच्या डब्याचा पत्रा ठोकला. मागच्या चाकाला सुतळीची जाळी. कॅरियरवर माझ्या औषधांची पेटी. एवढ्यावर थांबतील तर ते नाना कसले! हँडलला छत्री लावायची नळीसुद्धा बसवली.

बैलांवरचा इलाजही त्यांचाच. "बैल सायकलीला भीत नाही, तिच्या गुपचूप येण्याला भितो," ते म्हणाले. रबरी चाकं वाजत नाहीत, एकदम डोळ्याजवळ काहीतरी येतं आणि जनावर दचकतं. ट्रिंग ट्रिंग घंटीनं तर आणखीच. मग बैलाला ओळखीचा आवाज कोणता? बैलाच्याच गळ्यातला. एका शेतकऱ्याकडून त्यांनी जुनी पितळी घुंगरमाळ आणली आणि हँडलला बांधली. सायकल हलली की असा आवाज, की आई म्हणाली, "आता हिला कडबा टाकायचा का?"

मार्गशीर्षातल्या एका सकाळी आम्ही निघालो. मी पुढं, नाना त्यांच्या सायकलवर मागं. तुम्हीही या वाटेनं जाणार असाल तर हेच दिवस धरा: थंडी असते आणि धूळ बसलेली असते. रस्ता खडीचा आहे, पण गाड्यांनी चाकोऱ्या पाडल्यात. चाक एकदा चाकोरीत गेलं की निघत नाही, म्हणून कडेनं चालवा. कडेला बाभळीचे काटे, म्हणून फार कडेनंही नको. म्हणजे कुठून, ते मला विचारू नका. फागण्याच्या पुढं समोरून वारा आला, छत्री उलटी झाली आणि सायकल मला घेऊन एरंडाच्या झुडपात शिरली. मी छत्री काढून नानांच्या हातात दिली. ते बराच वेळ रुसून होते.

मात्र घुंगरमाळेनं कमाल केली. गाड्यांमागून गाड्या भेटल्या. बैल कान टवकारायचे, मान वळवून बघायचे आणि पुन्हा आपल्या चालीला लागायचे. प्रत्येक गाडी मागं पडली की मला गाणं म्हणावंसं वाटायचं, आणि मुकटीनंतर मी म्हटलंही.

पारोळ्याला मुक्काम केला. बालाजीच्या देवळाजवळ धर्मशाळेत जागा मिळते, पांघरूण मात्र आपलं न्या. शेजारीच एक अक्का खाणावळ चालवतात. भाजल्या वांग्याचं भरीत, कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, वर कच्चं तेल आणि कांद्याची पात. दोन आण्यांत दोघांची पोटं तुडुंब. अक्कांनी सायकलीभोवती एक फेरी मारली आणि मला विचारलं, "पडनी तं?"

"उठायचं, अक्का."

"हाई बरं शे," त्या म्हणाल्या आणि ताटात आणखी एक भाकरी टाकली.

दुसऱ्या दिवशी एरंडोल सोडलं आणि नानांच्या चाकात काटा गेला. "तू हो पुढं, मी ठिगळ लावून येतो," ते म्हणाले. पुढं कापसाच्या गाड्यांची लांब रांग जळगावकडे चालली होती. दुपारची वेळ, ऊन उबदार, आणि गाडीवान कापसावर आडवे होऊन झोपलेले. इथली रीतच तशी आहे. सर्वांत पुढच्या जोडीच्या गळ्यात मोठी घुंगरमाळ असते. मागचे बैल त्या आवाजामागं चालत राहतात, माणसं जागी असोत की नसोत. मला हे माहीत नव्हतं. मी शहरातली, बैलगाडीत बसले असेन ते लग्नकार्यापुरती. मी सगळ्या रांगेला मागं टाकून पुढं गेले आणि नानांनी गाठावं म्हणून सावकाश चालवत राहिले. एकही बैल बुजला नाही. मी स्वतःवर जाम खूश!

पाळधीच्या अलीकडं तहान लागली. उजवीकडं एका मळ्यात विहीर दिसली, म्हणून गाडीवाटेनं आत वळले. पाणी प्यायले, तोंड धुतलं आणि मागं वळून बघते तर काय, सबंध रांग माझ्यामागं मळ्यात शिरलेली! पुढची जोडी माझ्या सायकलीला हुंगत उभी. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना काटेरी कुंपण आणि मधे गच्च गाड्या, वळायला जागाच नाही.

पहिल्या गाडीवरचे म्हातारबाबा डोळे चोळत उठले. हिलाल आबा त्यांचं नाव, हे मागाहून कळलं.

"बाई, आम्ही कथा उनूत वं? जळगाव आठे शे का?"

"नाही आबा. हा मळा आहे."

"मना डोया लागना व्हता. बठ्ठा बैल तुना मांगे उनात?" सगळे बैल माझ्यामागं कसे आले, ते घुंगरमाळ पाहून त्यांना कळलं आणि आवाज चढला. "आते बठ्ठा गाडा कसा फिरावाना? सांज व्हई जाई! शेठले काय सांगू?"

शेठले! म्हणजे गाड्या माझ्याच शेठजींकडे चाललेल्या. हा माणूस फाटकात एक शब्द वाकडा बोलला, की सायकल गेली आणि सायकलीशिवाय ती नोकरी म्हणजे नुसतं नाव.

तेवढ्यात नाना धापा टाकत आले. "लांबून मला वाटलं, तुझी वरातच निघाली!" माझं लग्न लांबल्यामुळे त्यांना ही थट्टा फार आवडते. मी मात्र रडकुंडीला आलेली. विहिरीपलीकडं खळं होतं. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, अजून शेतात उभी, म्हणून खळं रिकामं आणि चांगलं ऐसपैस. मळणीच्या वेळी बैल खळ्यात गोल फिरतात, एवढं तर मलाही ठाऊक होतं.

"आबा, मी आणलं, मीच बाहेर काढते," म्हटलं आणि सायकलवर बसून खळ्यात गेले. एक गोल चक्कर मारली. पहिली जोडी मागं आली, मग दुसरी, मग तिसरी. मळेकरी खो खो हसायला लागला. गाड्या एकामागून एक खळ्यातून वळून निघत होत्या, आणि मलाही हसू आवरेना. सगळ्या गाड्या पुन्हा सडकेला लागल्या तेव्हा आबांचा राग निम्म्यानं उतरला होता.

पुढं गिरणा ओलांडेपर्यंत ते गाडीवरून माझ्याशी बोलत होते. पेटीत काय, कुठं चाललीस, कोणाची कोण. मी सगळं सांगितलं, शेठजींची अटसुद्धा. मग ते हळूच म्हणाले, "मनी सूनले फागुनमा दिन भरतस. पहिलं पोर गयं तिनं. रातले बी येशी का?"

"येईन, आबा."

"सायकलवर?"

"सायकलवर."

जिनिंगच्या फाटकात शेठजी उभेच होते. माझी सायकल पुढं, मागं गाड्यांची रांग, असं आम्ही आत शिरलो. त्यांनी आबांना विचारलं, "किती बैल बुजले?"

आबांनी काही लपवलं नाही. मळा, खळं, सगळं सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "पन बुजना एक बी नै, शेठ. उलट आते मनं कोनी ऐकत नै. हाई बाईले येऊ द्या तुम्ही. आमले तिनी गरज शे."

शेठजींनी बैलांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि पगडी सावरत हसले. "परवानगी दिली. पण रांगेला मागं टाकायचं असेल तर ती माळ फडक्यात गुंडाळा, बाई. माझा कापूस माझ्याच फाटकात येऊ द्या." हाच सल्ला मी तुम्हालाही देते.

परत येताना सायकली ब्रेकव्हॅनमध्ये टाकल्या आणि चाळीसगावला गाडी बदलून रेल्वेनं आलो. नाना वाटभर डब्यातल्या लोकांना खळ्याची गोष्ट सांगत होते, दर स्टेशनाला गोष्टीतल्या बैलगाड्या वाढत होत्या. घरी आईनं शिरा केला. शेजारपाजारचे येऊन गेले, आणि मी सामानाची बांधाबांध करायला बसले. तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला: जिंकले म्हणजे आता या घरातून जायचं. एवढे दिवस अटीच्या नादात हा विचार मनाला शिवलाच नव्हता. आनंद होता, खूप होता, आणि त्याच्याच पोटात हे दुखणंही.

नाना अंगणातून हवा भरायचा पंप घेऊन आले आणि माझ्या सामानावर ठेवला. घरात तो एकच होता.

"आणि तुमच्या सायकलीचं काय?" मी विचारलं.

"मला आता कुठं जायचंय?"

"दर महिन्याला जळगावला यायचंय. मी सांगून ठेवते."

नानांनी वाकून पंप उचलला आणि म्हणाले, "मग हा इथंच राहू दे. तुझ्या चाकांत हवा मीच येऊन भरीन."