ताईची जीप

पत्र्याचं काम मला येतं. हे मी विनयानं वगैरे सांगत नाही. सगळी नोकरी जबलपूरच्या कारखान्यात लष्करी ट्रकांचे पत्रे ठोकण्यात गेली, आणि माझ्या हातचा जोड कधी गळला असं कोणी दाखवून द्यावं, मी त्याला चहा पाजीन. म्हणून मी ताईची जीप बनवणार असं जाहीर केल्यावर घरात जी खसखस पिकली, तिचं मला काही वाटलं नाही.

'ताईची जीप' हा आमच्या घराण्यातला खास शब्द आहे. कोणी थाप मारायला लागलं की लगेच दुसरा म्हणतो, "चल, ताईची जीप नको चालवू." ताई म्हणजे माझी मोठी बहीण. ती लहान असताना, माझ्या जन्माच्याही आधी, बाबांनी तिला एका फौजी गाडीत बसवून तिलवाऱ्याला नर्मदेत नेलं होतं. नर्मदेवर नाही हो, नर्मदेत! बाबा लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायचे. महायुद्ध संपल्यावर उरलेल्या गाड्यांमध्ये एक पाण्यात चालणारी जीप होती. खालून नाव, वरून जीप. ताई सांगायची की गाडी उतारावरून सरळ पाण्यात शिरली, बुडाली नाही, मागचा पंखा फिरायला लागला आणि बाबा डावीकडे बसून ती चालवत होते.

"डावीकडे बसून? पाण्यावर? भांग काकांनी घेतली होती की तू?" आमचे चुलतभाऊ विचारायचे. बाबा काही बोलायचे नाहीत. सरकारी गाडीत पोरीला फिरवलं हे ते कोणत्या तोंडानं कबूल करणार? ते गेले आणि ताईच्या बाजूनं बोलू शकणारा एकुलता एक साक्षीदारही गेला. कारखान्यात लागल्यावर मला कळलं की अशी गाडी खरंच होती, अमेरिकन होती, म्हणूनच तिचं स्टीअरिंग डावीकडे. मी सगळ्यांना ओरडून सांगितलं. पण चेष्टेची चटक लागलेल्या माणसांना पुरावा नको असतो. आजही लग्नाकार्यात कोणी ना कोणी तिला विचारतंच, "काय ताई, जीपनं आल्या का?"

ताई आमच्याच घरात, दीक्षितपुऱ्यात, वरच्या मजल्यावर राहते. शाळेत शिकवायची, आता निवृत्त. तिला काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती सांभाळते, थेंब चुकवत नाही, तरी नजर बारीक होत चालली आहे. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "मला ती गाडी एकदा पाहायची आहे रे. दिसून राहिलं आहे तोवर."

मी लगेच म्हणालो, "हात्तिच्या! एवढंच न?"

फोनवर जुने फोटो दाखवले, तर त्यात गाडी कुठे आणि पाणी कुठे, तिला उमगेना. मग मी प्लास्टिकचे सुटे भाग मागवले, जोडून रंगवायचे असतात ते. मॉडेल झकास झालं, पण तळहातावर मावेल एवढं. मागचा पंखा शेंगदाण्याएवढा. ताईनं ते डोळ्याशी नेलं, फिरवलं आणि म्हणाली, "छान आहे हं." ढ मुलाला शिक्षक जसं छान म्हणतात, अगदी तसं. मला असा राग आला! तिचा नाही, त्या शेंगदाण्याचा.

"ठीक आहे," मी म्हणालो. "आता पत्र्याची. हातभर लांब."

कारखान्याची सवय अशी की आधी पुठ्ठ्याची करायची, मगच पत्र्याला कातर लावायची. पुठ्ठ्याची झाली तेव्हा बायकोनं तिच्यात लसूण ठेवला. पत्र्याची करताना मात्र नाकी नऊ आले. या गाडीचं नाक नावेसारखं वर उचललेलं असतं, आणि सोल्डर करताना उष्णतेनं पत्रा वाकडा व्हायचा. मी त्याला शिव्या घातल्या. बायको आतून म्हणाली, "अहो, पत्र्याला मराठी येत नाही, हिंदीत बोला." हिंदीतही घातल्या. शेवटी ओलं फडकं गुंडाळून थोडा थोडा जोड घेतला आणि नाक सरळ झालं. एका दमात चार कपाटं उचलल्यासारखा दमलो होतो, पण खूश होतो.

पंखा पितळेचा हवा होता. सराफ्यात ओळखीच्या सोनाराकडे नमुना दिला. त्यानं उलटसुलट पाहून विचारलं, "भैया, ये कौन-सी देवी का है?" मी म्हणालो, "हमारी दीदी का है." त्यानं हसत हसत कापून दिला, आणि काय सुरेख कापला!

समोरची फळी उघडमीट करणारी केली. पाण्यात शिरताना ती उभी करतात, लाट आत येऊ नये म्हणून. स्टीअरिंग डावीकडे. हिरवा रंग दिला. आणि मग सगळ्यांवर वरताण म्हणून केला चिखल. तिलवाऱ्याची रेती चाळून आणली, तिच्यात रंगाची भुकटी मिसळली आणि अगदी पातळ डिंकानं चाकांवर, पोटावर अशी बसवली की बघणाऱ्यानं फडकं शोधावं. त्या चिखलावर माझे दिवसचे दिवस गेले. मी तो जो येईल त्याला दाखवायचो.

भाऊबीजेला ताईनं ओवाळलं, आणि मी ताटात पाकिटाच्या जागी जीप ठेवली. ताटात कसली मावते ती, पाटावरच ठेवली.

ताईनं हात पुढे केला आणि मागे घेतला. "थांब. नवी गाडी घरी आली आहे."

आमच्याकडे नवी गाडी दारात आली की आधी तिच्या चाकांवर पाणी घालतात, हळदकुंकू लावतात आणि मगच हात लावतात. सायकल आली तेव्हाही घातलं होतं. मला काही सुचायच्या आत ताईनं तांब्या उचलला आणि चारही चाकांवर, नाकावर, पोटावर धो धो पाणी ओतलं.

"अगं ताई! काहून? माझा चिखल!" मी किंचाळलोच. सगळी रेती वाहून पाटाखाली गेली. बायको तोंडाला पदर लावून हसत होती. मला रडू यायचं बाकी होतं.

"चिखल होता का?" ताई शांतपणे म्हणाली. "नदीतून निघालेल्या गाडीला कुठला आला चिखल? खालून धुवून स्वच्छ निघाली होती. पाणी गळून राहिलं होतं, असंच."

खरं होतं. पाण्यातून निघालेली गाडी मी चिखलानं माखून ठेवली होती, आणि ते त्या गाडीत बसलेल्या माणसालाच कळणार होतं.

तिनं कुंकू लावलं. मग जीपच्या इतकी जवळ वाकली की नाक पत्र्याला टेकलं. एक डोळा, मग दुसरा. फळी पाहिली, पंखा पाहिला, डावीकडचं स्टीअरिंग पाहिलं. "हीच," ती म्हणाली. "इथे बाबा. इथे मी. बाबांनी माझी वेणी धरून ठेवली होती, पडू नये म्हणून."

हे तिनं आजवर कधीच सांगितलं नव्हतं.

मग तिनं डोळे मिटले आणि नाकापासून हात फिरवायला सुरुवात केली.

"अगं, मिटतेस काय? उघड न," मी म्हणालो. "आत्ता दिसून राहिलं आहे तर पाहून घे."

"पाहिली रे," ती म्हणाली. तिचा हात स्टीअरिंगवर थांबला, पुढे सरकला, परत तिथेच आला. "आता पाठ करून राहिली आहे."