पाणी नको म्हटलं तेव्हा

माझ्या वहीत अमरावती–अकोला रस्त्याचं एक पान होतं. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव; कुठं धड संडास, कुठं नुसता आडोसा. खाली सामान: दोन पॅड, गडद सलवार, प्लास्टिकची पिशवी. शेवटची ओळ: सकाळपासून पाणी नाही.

वर्षभर हेच चाललं होतं. शिंकले, हसले, जिना उतरले की लघवी सुटायची. कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणीच्या मुलीचा साखरपुडा होता, अकोल्यात, जुन्या शहरात. एसटीत अर्धं लक्ष घड्याळात, अर्धं पोटाखाली. पोचले तर मैत्रिणीची आई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"नको मावशी."

"घे नं वं, ऊन किती हाय."

"खरंच नको."

त्या तांब्या घेऊन आत गेल्या. मी खुर्चीच्या टोकावर बसून संडासाचं दार शोधत होते, तेवढ्यात आतून मावशींचा आवाज आला, मैत्रिणीला विचारत होत्या, "इतकी वर्सं तुह्या डब्यात जेवली ना थे? मंग घरचं पानी काहून नाही चालत तिले?"

ते घर बौद्धांचं, मी वलगावच्या पाटलांची. अशा घरी पाणी नाकारलं की त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आणि हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी उठून सरळ स्वयंपाकघरात गेले.

"मावशी, माझी लघवी थांबत नाही. कपडे भिजतात. म्हणून पीत नाही."

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. "इतकंच? मले तं खोकला आला का लुगडं बदलावं लागते!"

मैत्रिणीचे डोळे भरले होते, तरी ती चिडलीच. "साऱ्या जगाच्या याद्या करतं, डॉक्टरचं नाव नाही लिहिता आलं तुले?"

मी दोन पेले प्यायले. परतताना मूर्तिजापूरच्या आधीच भिजले.

आठवड्याभरात अमरावतीच्या राजापेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. पाणी तोडल्यानं लघवी गडद आणि तीव्र होते, मूत्राशय आणखी चिडतं, म्हणाल्या. चहा कमी करा. दर दोन तासांनी जा, लागो न लागो. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, ते रोज आवळायचे, सोडायचे. आणि किती प्यायलं, कधी गेलात, कधी सुटली, सगळं लिहा. लिहायला मी तयारच होते.

पूर्ण थांबलेलं नाही. कमी झालंय. अकोल्याला जाते तेव्हा मावशी दारातच आधी संडासाकडं बोट दाखवतात, मग पाणी देतात.