कुसगाळीचं लेबल

आमच्या आप्पाची, म्हणजे माझ्या आजोबाची, नक्कल सगळ्यात सोपी. मान वाकडी करायची, डावा डोळा मिटायचा आणि समोरच्यानं काहीही सांगितलं तरी आधी म्हणायचं, "व्हय, पर..."

जंगलातनं आमचं कुसगाळी गाव उठवलं आणि सगळी घरं खानापूरच्या रस्त्याला ओळीनं आणून बसवली, तेव्हासुद्धा तो जंगलखात्याच्या साहेबाला म्हणाला, "व्हय, पर माशांचं काय?" साहेब हसला. आप्पानं मधमाशांच्या पेट्या मांडीवर घेऊन आणल्या.

मागं गाव उरलं न्हाय. शाळा मोडली, कार्डावरचा पत्ता बदलला.

शहरात, टिळकवाडीत, निवेदिता मॅडमचं दुकान आहे. आमचा मध त्याच विकतात. चिखलातनं साडी सावरत चालावं तसं जपून बोलतात.

"आप्पा, 'खानापूर जंगल मध' असं एकच लेबल छापू या ना. कुसगाळी कुणाला ठाऊक आहे?"

"व्हय, पर मला हाय की."

"अहो, ते गावच आता नाही."

"म्हणून तर छापा, बाई."

मॅडमनी वहीत नाव लिहून घेतलं आणि लेबलं छापून आली. हिरवी, चकचकीत, 'कुसगाळीचा मध'. आप्पाला वाचता येत न्हाय. मी आधी मॅडमच्या आवाजात वाचून दाखवलं, मग बसच्या कंडक्टरच्या. आप्पा ठसका लागेपर्यंत हसला.

उन्हाळ्यात इथला पहिला मध काढला. आमच्यात नव्या मधाचं बोट आधी थोरल्यानं चाटायचं आणि तो कुठल्या रानाचा ते मोठ्यानं सांगायचं. त्याशिवाय बाटली भरत न्हाईत. अख्खी ओळ आमच्या दारात जमली.

शेजारची मालुबाई ओरडली, "चाट की रं भरम्या, का मुहूर्त काढू?"

आप्पानं चाटलं. थांबला. परत चाटलं.

"सांग की!"

"गोड हाय," आप्पा म्हणाला.

कुसगाळीचा मध जांभळीचा. गिळल्यावर जिभंवर तुरट राहायचा. इथं समोर मका, मागं निलगिरी.

"अरं, माशा त्याच, तू त्योच. चिकटीव लेबल! शहरात कुणाला कळतंय?"

"माशांनी यंदा ते रान बघितलंच न्हाय, मालू. त्येचं नाव कसं घेऊ?"

"मग हितलं घे."

"हितलं काय म्हणून घेऊ?"

वसाहतीला अजून नाव नव्हतं. साहेबांच्या कागदावर नुसता सर्वे नंबर होता.

मालुबाईनं डब्यात बोट बुडवलं. मग एकेक म्हातारं पुढं आलं. सगळ्यांनी चाटलं. गावाकडं असते तर एव्हाना कुठल्या उतरणीचा, कुठल्या झाडाचा म्हणून भांडणं जुंपली असती. इथं पदराला, धोतराला बोटं पुसत जो तो आपल्या दाराकडं गेला.

आईनं धुऊन उन्हात पालथ्या घातलेल्या बाटल्या गोळा केल्या आणि तशाच रिकाम्या आत नेऊन ठेवल्या. आप्पानं डब्यावर फडकं बांधलं.