निरगुडीचा शेक आणि माझा डावा पाय

"डोळे मिटा, बाबा. पायाला काही लागलं की 'लागलं' म्हणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी डोळे मिटून पडून राहिलो. बराच वेळ गेला. वाटलं, बाईंना फोन आला असेल. शेवटी मीच म्हटलं, "करा की सुरू."

"दहा ठिकाणी लावून झालं, बाबा."

डोळे उघडले तर बाईंच्या हातात नायलॉनच्या दोऱ्याचा बारीक तुकडा. त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. तो तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबतात. चांगल्या पायाला ते कळतं. माझ्या डाव्या पायाला एकदाही कळलं नव्हतं.

"डायबेटिक न्यूरोपथी," बाई म्हणाल्या. म्हणजे साखरेच्या आजारानं पायाच्या नसा मरून जाणं. मला साखर आहे हेच मला त्या दिवशी, धुळ्याच्या दवाखान्यातल्या त्या खाटेवर कळलं.

"पाय दुखायचा कधी थांबला?" त्यांनी विचारलं.

"चार महिने झाले. निरगुडीनं थांबवला."

"तुमचा पाय अजून दुखतोच आहे, बाबा. त्याला सांगता येत नाही."

मला राग आला. माझा पाय, आणि त्यातलं कालच्या पोरीला कळतं!

मी चौथी शिकलेला माणूस. आमचं गाव चाळीसगावहून धुळ्याला जाताना लागतं. माझ्या बांधावर निरगुडी आहे, वडिलांनी लावलेली. कुणाचा गुडघा धरला, कंबर धरली, की माणूस माझ्याकडे पाला न्यायला येतो. गादी-रजया भरणारा युसूफभाई तर दर आठवड्याला यायचा आणि ओट्याखालूनच ओरडायचा, "आबा, तुना दवाखाना उघडा शे का?" माझ्या पाल्यानं लोकांना बरं वाटायचं, हे खोटं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या तळव्यांना आग सुटली. मिरची चोळल्यासारखी. अंगावर चादर सहन होईना. झोप नाही, मग डोकं तापायचं, घरात सगळ्यांवर ओरडायचो. मी आस्कंदाची पूड दुधातून घ्यायला लागलो. आस्कंद म्हणजे अश्वगंधा. तिनं जरा शांत वाटायचं. आणि रोज संध्याकाळी निरगुडीचा शेक. पाला फडक्यात बांधायचा, त्याची पोटली तव्यावर तापवायची आणि पायाला लावायची. हे काम माझी बायको करायची. मी तिला 'सुरेखानी माय' म्हणतो. सुरेखा आमची लेक, जळगावला दिली आहे.

एक दिवस आग थांबली. ठणकाही गेला. मी पारावर बसून सगळ्यांना सांगितलं, पाहा, गोळी नाही, सुई नाही, पाल्यानं पाय बरा केला. लोकांनी पाला जास्तच न्यायला सुरुवात केली. शेक मात्र मी सोडला नाही. गरम लागत नाही म्हणून रोज थोडा वाढवत गेलो.

मग तळव्याला मोठा फोड आला. मी तो बाभळीच्या काट्यानं फोडला आणि वर निरगुडी वाटून बांधली. दुखत नव्हतं, मग भ्यायचं कशाला? बारा दिवसांनी सुरेखा माहेरी आली. उंबऱ्यातच थांबून तिनं विचारलं, "आबा, घरात काही मेलंय का?"

माझी दोन बोटं काळी पडली होती. मला त्यांचा वासही आला नव्हता. सुरेखानं मला चाळीसगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पट्टी सोडली, पुन्हा बांधली आणि म्हणाले, "इथं बसू नका, धुळं गाठा."

धुळ्याला पहिल्या दिवशी रक्त घेतलं. एचबीएवनसी नावाची तपासणी असते. तिच्यात मागच्या तीन महिन्यांची साखर कळते, एक दिवस उपास करून तिला फसवता येत नाही. दुसऱ्या दिवशी कलर डॉपलर. पायात रक्त वाहतंय का ते पडद्यावर दिसतं आणि ऐकूही येतं. घोट्यापाशी आवाज चांगला आला. बोटांपाशी काहीच नाही. तपासणारा माणूस तिथंच यंत्र फिरवत राहिला. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो, तो माझ्याकडे पाहत नव्हता.

बाई दुपारी आल्या. "दोन बोटं काढावी लागतील. गँगरीन आहे, म्हणजे तेवढा भाग मेला आहे. आज काढली तर पाऊल वाचायची आशा आहे. पसरलं तर मग गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. संध्याकाळपर्यंत सांगा."

मी म्हटलं, "मला सुटी द्या. घरी जाऊन मी माझं पाहतो."

सुरेखा रडली. बाई रागावल्या नाहीत. "घरी काय लावणार?"

"पालाच."

"माझी आई पण गुडघ्याला निरगुडी लावते," बाई म्हणाल्या. "पाला वाईट नाही. पण बधिर पायावर गरम काही ठेवायचं नाही. तुम्ही पाय भाजून घेतलाय, बाबा."

"भाजलं असतं तर मला कळलं नसतं?" मी म्हटलं. बाई पुढच्या खाटेकडे गेल्या.

ऑपरेशनच्या संमतीचा कागद सहीसाठी उशाशी पडून होता. घड्याळात चार वाजले. पायाखालची चादर सकाळी बदलली होती, ती पुन्हा ओली झाली होती. मी तोंड भिंतीकडे केलं.

सुरेखानी माय डबा घेऊन आली. भाकरी डाव्या हातानं मोडायला लागली. ती कधी डाव्या हातानं अन्नाला शिवत नाही. उजवा हात पदराखाली.

"हात दखाड," मी म्हटलं.

"काही नही व्हयेल."

मीच हात ओढला. बोटांच्या टोकांची कातडी सोलली होती, खालून गुलाबी कोवळी कातडी आली होती.

"हे कधी?"

ती खाली पाहत म्हणाली, "त्या दिनले तुम्ही सांगं, आखो जास्त तपाड. मी तव्यावरनी पोटली उचली तं हात भाजी गया. तुमना पायले लावी, तुम्ही हूं का चूं नही करं. माले वाटनं, निरगुडी लागू पडनी."

"माले सांगं कसाले नही?"

"तुम्ही म्हनतात, 'तुले इतलासा शेकबी सोसत नही का?'"

मी तसंच म्हणालो असतो. आधी दोनदा म्हणालोही होतो.

तीच पोटली. तिनं डोळ्याची पापणी लवेपर्यंत धरली आणि तिची कातडी गेली. माझ्या पायावर ती निवेपर्यंत होती. आता डॉक्टरांना खोटं कसं ठरवू? माझ्या बायकोची बोटं माझ्या हातात होती.

मी सिस्टरला हाक मारली. तिनं अंगठ्यासाठी शाई पुढे केली. म्हटलं, "पेन द्या." सही केली. पूर्ण नाव लिहिलं. आस्कंदाची पुडी उशीखाली लपवली होती, तीही काढून दिली. घरचं काही औषध घेता का, असं बाईंनी आधी दोनदा विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, आस्कंदानंही साखर खाली-वर होते, आम्हाला माहीत असायला हवं.

कमरेत सुई देऊन बोटं काढली. पुढचे तीन दिवस सगळ्यांत वाईट. पट्टीच्या आत पाऊल जगतंय की मरतंय, ते पट्टी उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. चौथ्या दिवशी बाईंनी ती सोडली. मी छताकडे पाहत होतो. त्यांनी जखमेच्या वर, घोट्यापाशी दाबलं आणि माझ्या तोंडून शिवी गेली.

बाई हसल्या. "द्या अजून एक. इथवर पाय जिवंत आहे."

तळवा भरायला अडीच महिने लागले. सुरेखानं सासर सोडून माझ्यापाशी दिवस काढले. तिचे आणि डॉक्टरीणबाईंचे उपकार मी तोंडानं मानले नाहीत, मला ते जमत नाही. म्हणून इथं लिहितो. घरी आता सुरेखानी माय रोज माझा तळवा आरशात मला दाखवते आणि मी तिला शेकाचं काम सांगत नाही.

तुमच्या पायाला आग होत असेल तर आधी साखर तपासा. आणि आग आपोआप थांबली तर त्याच दिवशी जा. मी तेव्हा पेढे वाटले होते.

निरगुडी मी तोडली नाही. पाला अजून देतो. पण आधी माणसाला ओट्यावर बसवतो, डोळे मिटायला लावतो आणि खराट्याची काडी तळव्याला लावतो. लोक हसतात. हसू देत.

गेल्या आठवड्यात युसूफभाई आला. म्हणाला, "आबा, पायले मुंग्या येत व्हत्यात ना, त्या बंद व्हयन्यात. आते फक्त कंबरपुरता पाला दे."

मी म्हटलं, "बस. डोया मिट."

"दोन बोटं गयात नि डॉक्टर व्हयी ग्या का तू?" असं म्हणत तो बसला. डोळे मिटले. सुरेखानी माय दारात उभी राहून पाहत होती.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "लाव ना आबा काडी, माले रजया भरनं शे."

काडी त्याच्या अंगठ्याखाली वाकून मोडायला आली होती.

"उघड डोया, युसूफ," मी म्हटलं. "धुळानी यष्टी दहाले शे. मीबी येस."